खाचेतलं पाणी

उमैमाचा राग यावा असं तिच्यात काही नाही. आवाज चढवत नाही, कुणाचं उणं काढत नाही, दूध उतू गेलं तर गपचूप ओटा पुसते. तरीही गेलं वर्षभर मला सगळ्यांत जास्त राग तिचाच आला आहे. सरांचा आला तो वेगळा. त्यांच्यावर चिडणं सोपं होतं.

ती माझी लातूरची रूममेट. नांदेडला इतवाऱ्यात तिच्या अब्बांचं, लालमहंमद चाचांचं, शिवणकामाचं दुकान आहे. लग्नाच्या शेरवान्या म्हटलं की त्या भागात चाचांचं नाव निघतं. मी हिमायतनगरकडची, घरी शेती. आम्ही दोघी एकाच वर्षी बिराजदार सरांकडे पीएच.डी.ला लागलो. मी दोन वर्षांत हात जोडले आणि कोचिंग क्लासमध्ये नीटच्या पोरांना बायोलॉजी शिकवायला लागले. लातुरात त्या कामाला मरण नाही. उमैमा मात्र चिकटून राहिली. तिच्या घराण्यात मॅट्रिकच्या पुढे गेलेली ती पहिली, आणि चाचांनी अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलं होतं की आपली पोरगी डॉक्टर होणार, सुई टोचणारी नाही, दुसरी.

तिचा विषय लोकांना सांगताना माझीसुद्धा जीभ अडखळायची. प्रोटीनच्या भोवती पाण्याचे कण नेमके कुठे बसतात, हे आधीच सांगणारा प्रोग्रॅम ती तयार करत होती. पाण्याचं नाव काढलं की आमच्याकडे लोक बोअरच्या गोष्टी सुरू करतात, म्हणून तिनं नातेवाइकांना सांगायचंच सोडलं होतं. मलाही तो विषय नीट कळला तो लॅबमध्ये नाही, लातूरच्या बसस्टँडवर.

नांदेडची गाडी लागली होती आणि दाराशी ही झुंबड. मी खिडकीतून माझी ओढणी आत टाकली, दोन सीट धरल्या आणि निवांत उभी राहिले. उमैमा खिडकीकडं बघत म्हणाली, "ती सीट रिकामी हाय का?"

"दिसत न्हाई का? ओढणी हाय की."

"अन कोणी आतला फोटो काढला, अन फोटोतली ओढणी पुसून टाकली तर?"

"तर रिकामी दिसल. कोणीतरी बसायला जाईल अन मी त्याच्याशी भांडन."

"तेच," ती म्हणाली. "पुसलेली ओढणी कुठं होती ते सांगायचं, तेच मी करून राहिले."

मग गाडीत बसल्यावर तिनं सगळं सांगितलं. प्रोटीन म्हणजे घड्या घालून गोळा झालेली लांब साखळी. त्याच्या अंगावर खाचाखोचा असतात. औषध जाऊन बसतं ते अशाच एखाद्या खाचेत. भोवती पाणी तर असतंच, त्यातलं बहुतेक येतं-जातं, पण काही कण ठरलेल्या जागी घट्ट बसलेले असतात. प्रोटीनमधले ऑक्सिजन, नायट्रोजन त्यांना तीन-चार बाजूंनी धरून ठेवतात. खाच आपल्याला मोकळी दिसते, पण तिथं कुणीतरी आधीच बसलेलं असतं. औषध शोधणाऱ्यानं त्याला उठवायचं की त्याच्याशी जमवून घ्यायचं, हे आधी ठरवावं लागतं. न ठरवता औषध बनवलं तर कॉम्प्युटरवर ते छान बसतं आणि खरोखरीच्या प्रोटीनवर बसत नाही. ऐकून मला वाटलं, एवढी साधी गोष्ट, हिला इतकी वर्षं कशाला लागतील.

आता सरांविषयी सांगते. डॉ. शिवलिंग बिराजदार. माणूस कष्टाचा. वडील ऑइल मिलमध्ये पेंडीची पोती उचलायचे, आणि सरांनी बँकांनी टाकून दिलेले जुने कॉम्प्युटर गोळा करून लॅब उभी केली होती. त्यांचा जन्म एका अळीपायी गेला. तुरीवरची घाटेअळी. तिच्या पोटात जो पचनाचा एन्झाइम असतो, त्याच्या खाचेत करंज, कडुनिंब, सीताफळाच्या बियांतलं कुठलं रसायन बसून तो बंद पाडेल, हे ते कॉम्प्युटरवर शोधायचे. अळीला अन्न पचणार नाही आणि ती उपाशी मरेल, असा हिशेब. दाळमिलच्या गावात हा विषय कुणाला नको होता? सरांना मान होता, पेपर होते, सात विद्यार्थी त्यांच्या हाताखालून पीएच.डी. होऊन बाहेर पडले होते.

लॅबमध्ये एक सामाईक फोल्डर होतं. त्या एन्झाइमच्या आणि त्याच्या चुलत-मावस भावंडांच्या रचनेच्या शेकडो फाइली त्यात होत्या. जगभरातले संशोधक प्रोटीनचा स्फटिक करून, त्यावर क्ष-किरण टाकून अशा रचना काढतात आणि सगळ्यांसाठी खुल्या ठेवतात. पण आमच्या लॅबचं इंटरनेट म्हणजे आज आहे, उद्या नाही. म्हणून जुन्या विद्यार्थ्यांनी एकदाच सगळं उतरवून ठेवलं होतं आणि सरांचा दंडक होता की सगळ्यांनी तेच वापरायचं. "एका घरात एक चूल," असं ते म्हणायचे. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

उमैमानं नांदेडला एम.एस्सी. करताना वेगवेगळ्या प्रोटीनांची उदाहरणं दाखवत, शिकवत प्रोग्रॅम तयार केला होता, तो घेऊन ती लातूरला आली. इथं या फोल्डरमधल्या फाइलींवर त्याची परीक्षा घ्यायची होती. प्रोग्रॅमला पाणी काढलेलं प्रोटीन द्यायचं, त्यानं सांगायचं पाणी कुठं असेल, मग फाइलीशी ताडून बघायचं. बाहेरच्या बाजूचं पाणी प्रोग्रॅम बऱ्यापैकी बरोबर सांगायचा. खाच आली की घात व्हायचा. प्रोग्रॅम म्हणायचा, इथं दोन कण आहेत. फाइलीत काहीच नसायचं. एका एन्झाइममध्ये नाही, सगळ्यांमध्ये तेच.

"तुझ्या प्रोग्रॅमला भास होतात," सर सगळ्यांसमोर म्हणाले. पोरं हसली. उमैमाही हसली, आणि रूमवर येऊन न जेवता झोपली.

त्या वर्षी रोज संध्याकाळी आमच्या रूमवर एकच संवाद. ती भाजी निवडता निवडता म्हणायची, "तनुजा, तिथं तीन हात हायेत. दोन ऑक्सिजन, एक नायट्रोजन. पाणी तिथं बसणारच."

"फाइल काय म्हणते?"

"फाइल म्हणते न्हाई."

"मग न्हाई. तू काय क्ष-किरणांपेक्षा शहाणी हायेस का?"

ती निवडलेली भाजी बाजूला सारायची. लॅपटॉप उघडून परत बसायची. प्रोग्रॅमनं खाचेत पाणी सांगितलं की त्याला दंड लावायचा, म्हणजे गुण कापायचे, परत शिकवायचं, परत दंड. लहानपणी चाचांच्या दुकानात तिच्याकडे उसवण्याचं काम असायचं. चुकलेली शिवण ब्लेडनं एकेक टाका काढून मोकळी करायची, कापडाला धक्का न लावता. तशीच ती त्या प्रोग्रॅमच्या डोक्यातून खाचेतलं पाणी काढत बसली. लॅपटॉपात जागा नव्हती, म्हणून नवं आलं की जुनं पुसायची. अख्खं वर्ष त्यात गेलं. केस गळायला लागले, चाचांच्या फोनला "झालंच अब्बा, होतच आलंय" एवढंच उत्तर द्यायला लागली.

आणि मग खरंच जमलं. प्रोग्रॅमनं खाचेत पाणी सांगायचं सोडलं. फाइलींशी ताळा असा जुळला की सर स्वतः उठून तिच्या टेबलापाशी आले. याचंच चौथं प्रकरण झालं. प्रबंध बांधून तयार. नोंदणीची मुदत दोनदा वाढवून झाली होती, ही शेवटची होती, जुलैअखेरची. त्याआधी सरांची सही झाली पाहिजे. नायगावच्या एका कॉलेजात कायम जागा निघाली होती, आणि तिथं प्रबंध सादर केल्याचा कागद मागितला होता. सगळं त्या एका सहीवर येऊन थांबलं होतं.

जूनमध्ये बकरीदला ती नांदेडला गेली. मुलाखतीत दाखवायला एखादं चित्र असावं म्हणून तिला त्या एन्झाइमची एक फाइल हवी होती. लॅबचं फोल्डर जवळ नव्हतं. तिनं मोबाइलचं नेट लॅपटॉपला जोडून जगाच्या साठ्यातून तीच फाइल, त्याच नावाची, नव्यानं उतरवली.

दुपारी मला फोन. "तनुजा, खाचेत पाणी हाय."

मला वाटलं प्रोग्रॅम परत बिघडला. "अगं, सणाच्या दिवशी तरी ते बंद कर."

"प्रोग्रॅम न्हाई. फाइलीत हाय. मूळ फाइलीत. पाण्याचे दोन लाल ठिपके, जिथं तो पहिल्यांदा सांगत होता तिथंच. आपल्या फोल्डरातल्या फाइलीत ते न्हाईत."

"एखादी फाइल खराब झाली असल."

"सहा उतरवल्या. सहाहीत हाय."

खुलासा झाला तो रविकिरणमुळे. हा आमचा खूप आधीचा सीनियर. आता उदगीरला कीटकनाशकांचं दुकान चालवतो. त्याला तिनं फोन लावला तेव्हा तो मोठ्यानं हसला म्हणे. "अगं, ते धुणं. आमच्या दोन बॅचनी धुतलंय ते फोल्डर. नवा पोरगा आला की पहिल्या महिन्यात त्याला धुणं लावायचे सर."

धुणं म्हणजे पाणी काढून टाकणं. असं उलटं नाव आमच्याच लॅबमध्ये पडू शकतं. पूर्वी सर प्रोटीनवरचं सगळंच पाणी पुसायचे, तेव्हा एका पेपरवर बाहेरच्या परीक्षकानं शेरा मारला की असं सरसकट पुसणं बरोबर नाही. सरांनी मधला मार्ग काढला. बाहेरचं पाणी राहू द्यायचं आणि खाचेतलं तेवढं काढायचं, म्हणजे फाइल भरलेली दिसते आणि रसायन बसवायला जागाही मोकळी मिळते. सापही मरावा आणि काठीही तुटू नये. फाइलीचं नाव तेच ठेवलं. फोल्डर भरल्यावर धुणं बंद झालं, आणि आम्ही आलो तोवर त्याची आठवणही कुणी काढत नव्हतं. पाणी नसलेली फाइल असती तर उमैमाला पहिल्या दिवशी शंका आली असती. या फाइली पाण्यानं भरलेल्या होत्या. फक्त जिथं बघायचं तिथंच कोरड्या होत्या.

म्हणजे प्रोग्रॅमला भास होत नव्हते. तो पहिल्या दिवसापासून खरं बोलत होता, आणि उमैमानं वर्ष घालून त्याला खोटं शिकवलं होतं.

ती परत आली तेव्हा मी ठरवूनच बसले होते. म्हटलं, "हे बघ, सही घे. प्रबंध दे. नायगावला चिकट. मग वर्षभर बसून काय सुधरायचं ते सुधर. कोणी विचारायला येत न्हाई."

"हं," ती म्हणाली. तिचं हं म्हणजे होकार नव्हे हे मला माहीत होतं, तरी मी तो होकार धरला. पुढचे दिवस ती लॅबमध्ये न जाता कॉलेजबाहेरच्या नेट कॅफेत जाऊन बसायची. मला वाटलं, मुलाखतीची तयारी चालली असेल.

सहीच्या दिवशी चाचा नांदेडहून पहिल्या गाडीनं आले. कडक इस्त्रीचा कुर्ता, हातात पिशवी. पिशवीत सरांसाठी शिवलेली सदरी होती, बिनबाह्यांची, काळ्या कापडाची, कॉलरवर बारीक भरतकाम. सरांना त्यांनी एकदाच पाहिलं होतं, त्या अंदाजानं माप धरलं होतं. मी क्लास बुडवून सोबत गेले. आम्ही दोघं केबिनबाहेरच्या बाकावर बसलो आणि उमैमा आत गेली. दार उघडंच होतं.

"ये ये, आण ते," सर म्हणाले. पेनाचं टोपण काढल्याचा आवाज मला ऐकू आला.

"सर, चौथं प्रकरण बदलावं लागेल."

"छपाईची चूक का? शुद्धिपत्र जोडू."

"न्हाई सर. निकालच चुकलाय."

तिनं लॅपटॉप उघडून त्यांच्यापुढं ठेवला असणार. ती हळू आवाजात सांगत होती. ही मूळ फाइल, ही आपली. ही दुसरी. ही तिसरी. तिनं फोल्डरमधल्या निम्म्याहून जास्त फाइली पुन्हा उतरवून ताडल्या होत्या. नेट कॅफेत ती ते करत होती.

"हे तुला कधी कळलं?"

"बकरीदला."

"अन आज सांगतेस?"

"चार-दोन फाइली असत्या तर सोडून दिलं असतं सर. म्हणून एकेक बघत बसले."

"तुझा ताळा तर चांगला जुळलाय."

"आपल्या फोल्डरशी जुळलाय. खऱ्याशी जुळत न्हाई."

"म्हणजे माझं फोल्डर खोटं हाय म्हण की."

"खाचेपुरतं, सर."

मी बाकावर डोळे मिटून घेतले. चाचांना मराठी येतं, पण हे बोलणं त्यांना लागत नव्हतं. ते माझ्याकडं बघून हसले, मीही हसले.

सर रागावले नाहीत. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. ते थकल्यासारखे बोलायला लागले. "उमैमा, त्या फोल्डरवर माझे सगळे पेपर हायेत. सात पोरांच्या डिगऱ्या हायेत. ती पोरं आज नोकरीला हायेत, त्यांची लेकरं शाळेत जाऊन राहिलीत. तू आज हे दे. पुढच्या पेपरात सुधार. मी स्वतः तुझं नाव पहिलं लावतो."

"त्या पेपरात काय लिहू सर? माझ्या प्रबंधावर विश्वास ठेवू नका म्हणून?"

"लिही. लोक लिहितात."

ते खरंही होतं. लोक लिहितात. मी बाहेर बसून मनात म्हणत होते, हो म्हण, अगं, हो म्हण.

"वर्षभर त्यानं खरं सांगितलं की मी त्याला दंड लावत होते," ती म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "तेच बरोबर म्हणून कसं देऊ सर? मला न्हाई देता येत. तुम्ही मुदतवाढ मागा. कारण लिहिलं तर देतील."

"शेवटची होती ही."

"खरं कारण लिहिलं तर विचार करतील सर."

"काय कारण लिहू? लॅबनं फाइली धुतल्या?"

पेनाला टोपण बसल्याचा आवाज आला. "मग मी सही कशावर करू, तूच सांग," सर म्हणाले.

ती बाहेर आली ती प्रबंधाचा गठ्ठा छातीशी धरून. चाचा उठून उभे राहिले. अब्बांशी ती दखनीत बोलते, मी इथं मराठीत सांगते. ती म्हणाली, सही झाली नाही अब्बा. मीच होऊ दिली नाही.

चाचांना आधी वाटलं सरांनी काही मागितलं. मग वाटलं कुणी नावावरून काही बोललं. तिनं दोन्हीला नाही म्हटलं आणि कॉलेजच्या व्हरांड्यात उभं राहून त्यांना सगळं समजावलं. ओढणीपासून सुरुवात केली. त्यांनी ऐकलं. त्यांचा चेहरा उतरत उतरत पार विझला.

मला वाटलं मध्ये पडावं. मी म्हटलं, "चाचा, माप चुकलं तर तुम्ही पण उसवताच की."

ते माझ्याकडं वळले. "उसवतो बेटा. दुकानात असस्तोवर उसवतो. गिऱ्हाईक घालून गेला, खूश हाय, तर त्याच्या मागं पळत जाऊन 'काढ, उसवतो' म्हणत न्हाई. तीस वर्षांत म्हटलेलं न्हाई."

मला तर त्यांचंच पटत होतं.

मग ते केबिनमध्ये गेले. मी घाबरून मागोमाग गेले, पण ते भांडायला गेले नव्हते. त्यांनी पिशवीतली सदरी काढून टेबलावर ठेवली. सर उभे राहून "नको, नको" म्हणायला लागले. चाचा म्हणाले, "तुमच्या मापानं शिवलीय साहेब. दुसऱ्या कोणाला होणार न्हाई, नेऊन काय करू?" आणि बाहेर आले. परतीच्या गाडीत ते पुढं बसले, लेक मागं. नांदेड येईपर्यंत त्यांनी एकदाही मागं वळून पाहिलं नाही, असं तिनं नंतर सांगितलं.

जुलै संपला, नोंदणी रद्द झाल्याचा ईमेल आला. नायगावची जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. उमैमानं रूम सोडली. सामान बांधताना मी तिला वाट्टेल ते बोलले. म्हटलं, तू कोण लागून गेलीस, सगळं जग पाणी पुसून काम करून राहिलंय, तुझ्या दोन ठिपक्यांनी कोणती अळी मरणार हाय? इतकी वर्षं मातीत घातलीस, चाचांना मान खाली घालायला लावलीस, अन मिळवलं काय? ती कपड्यांच्या घड्या घालत राहिली. शेवटी म्हणाली, "तुझी कढई राहिली माझ्याकडं, ती खाली ठेवलीय." मला इतका संताप आला की मी तिला सोडायला स्टँडवर गेले नाही.

सर अजून तिथंच आहेत. फोल्डरही तिथंच आहे. शिल्पा नावाची नवी मुलगी त्यांच्याकडं लागली, तिला उमैमानं स्वतःहून फोन करून सगळं सांगितलं. शिल्पा म्हणाली, "दीदी, कळतंय मला. पण सर म्हणतात सगळ्यांनी तेच वापरायचं." उमैमानं तिला मूळ फाइली कुठून उतरवायच्या ते मेसेज करून ठेवलं. शिल्पानं तो मेसेज वाचला, एवढं दिसतं.

नांदेडला उमैमाला एका कॉलेजात तासिकेवर शिकवायला मिळालं. घरी चाचा तिच्याशी बोलत, पण जेवण, औषध, लाइट गेली, एवढंच. कॉलेजच्या विषयावर एक अक्षर नाही. कॉलेजातून आली की ती दुकानाच्या मागच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसायची. जुना, खरं बोलणारा प्रोग्रॅम पुसला गेला होता. होता तो हा शिकवून शिकवून बिघडवलेला. मूळ फाइलींवर तो परत शिकवायला घेतला तर तो खाचेत पाणी सांगेचना. सगळीकडं सांगायचा, खाच आली की गप्प. आपणच दटावून गप्प केलेलं पोर आता बोल म्हटलं तरी बोलत नाही, असं ती एकदा फोनवर म्हणाली, आणि मी विषय बदलला. मला त्या प्रोग्रॅमचं नाव ऐकायचं नव्हतं.

महिने असेच गेले. तिनं दोनदा सगळं मोडून पहिल्यापासून सुरू केलं. दुसऱ्या गाइडकडं नोंदणी करायची तर प्रवेश परीक्षेपासून सगळं नव्यानं, आणि गाइडांकडं जागा नाहीत. एकानं तर आधी बिराजदार सरांचं पत्र आणायला सांगितलं. हे तिनं मला अगदी सहज सांगितलं, जणू रेशन दुकान बंद होतं म्हणून परत आले. चिडायचं कामही जणू तिनं माझ्याकडंच दिलं होतं. मी क्लासमध्ये पोरांवर ओरडायला लागले.

परवा संध्याकाळी तिचा फोन आला. मी पेपर तपासत होते.

"बसलं," ती म्हणाली.

"काय बसलं?"

"एक. खाचेतलं. मी न सांगता त्यानं सांगितलं, अन मूळ फाइलीत तिथंच हाय. अगदी तिथंच."

"दोन होते ना?"

"दुसरं अजून न्हाई. एक बसलं."

मला काय झालं कुणास ठाऊक, डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचाच राग आला. एका ठिपक्यासाठी ही बाई नोकरीला मुकली, डिगरीला मुकली, आणि आवाज असा की जणू घरात बाळ जन्मलंय. मी म्हटलं, "अब्बांना सांगितलंस?"

"सांगितलं. दाखवलं पण. मशीन थांबवून आले, चष्मा लावून बघितलं."

"बोलले?"

"हाव. लई वेळ बघत होते. म्हणाले, हे तू म्हणत होतीस ते का. म्हटलं, हाव अब्बा, हेच. मग म्हणाले, बरं. आता ह्याच्यावर सही कोण करणार?"

"मग तू काय सांगितलंस?"

पलीकडं शिलाई मशीन चालू असल्याचा आवाज येत होता.

"मी काय सांगणार," ती म्हणाली. "म्हटलं, माहीत न्हाई अब्बा. दुसरं बसवायला घेते."